सेव्हरल म्हणजे किती

९ फेब्रुवारी

मेल्या बारक्या,

जिवंत असशील तर आधी दोन ओळी खरड, मग काय ती नाटकं कर. दोन वर्षं मी लिहितेय आणि तू ढिम्म. उत्तर न येण्याची मला इतकी सवय झालीय की त्यावाचून काही अडत नाही. पण या खेपेला सवलत नाही. या खेपेला उत्तर हवंच.

काल सकाळी बंदराच्या फाटकावर कंपनीने कागद लावला. मी लाँड्रीतून होते तशी पळाले, हाताला खळ तशीच. फाटकाशी ही गर्दी, आणि कागद इंग्रजीत. जो तो त्याच्याकडे तोंड वर करून बघतोय, वाचता कुणाच्या बापाला येत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला हाताला धरून ओढत आणला. त्याने वाचून सांगितलं की तुमची बोट वादळात गेली. अकरा जणांतले 'सेव्हरल' वाचलेत. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांनी पाण्यातून उचलले, ती जहाजं आपापल्या वाटेने पुढे गेली, ज्या बंदराला लागतील तिथून कंपनी एकेकाला घरी पोचवेल. नावं अजून कंपनीलाही कळलेली नाहीत.

मी म्हटलं, सेव्हरल म्हणजे? तो म्हणाला, "काही जण." काही म्हणजे किती? "काही म्हणजे काही, ताई. मी काय मोजायला गेलो होतो?"

तर तू त्या काहींत आहेस. असायलाच हवास. तुझ्यासारखं हट्टी कार्टं समुद्राला तरी कसं पचणार?

अण्णांना मीच सांगितलं. दुकानात किल्ली घासत बसले होते. मी सांगत होते आणि ते घासत होते. मान वर केली नाही, कानस थांबली नाही. माझं सांगून झालं तेव्हा किल्लीची तार झाली होती. मग ती तार त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "वाया गेली." मला वाटलं आता तुझ्याबद्दल काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "दुसरी कापतो."

तू गेलास त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही, ते तुला मी आधीही कळवलंय. तू एक किल्ली चुकीची कापलीस आणि त्यांनी भर गिऱ्हाइकासमोर तुझ्या थोबाडीत दिली. मिशी फुटलेल्या पोराच्या. तू संध्याकाळच्या आत बोटीवर. ते "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाले, तू "दाखवणारच नाही" म्हणालास. दोघंही एका कारखान्यातले, मी काय बोलणार? पण आता तोंड दाखव बाबा. लवकर दाखव.

पत्र कंपनीच्या कारकुनाकडे देतेय. तू ज्या बंदराला लागशील तिथे तो पाठवेल.

तुझी ताई

१३ फेब्रुवारी

मेल्या,

चार दिवस मी त्या एका शब्दाच्या मागे लागलेय. इतकी चौकशी मी माझ्या स्थळाची केली असती तर आज कुठे असते.

औषधवाल्याला पुन्हा गाठलं. तो म्हणाला, डॉक्टरच्या चिठ्ठीत औषध दिवसातून सेव्हरल वेळा घ्या असं लिहिलेलं असलं तर तो रोग्याला तीनदा सांगतो. म्हणजे तीन. अकरातले तीन!

लाँड्रीत मुकादमाला विचारलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, "हॉटेलच्या साहेबाची चिठ्ठी येते ना, चादरींबद्दल सेव्हरल तक्रारी आल्या म्हणून? मी जाऊन विचारतो तेव्हा एकाच म्हातारीची तक्रार असते. एकाला घाबरवायचं असलं की साहेब सेव्हरल म्हणतो." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक मी का विचारतेय. मी त्याच्या हातावर गरम इस्त्री ठेवणार होते.

मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं त्यांनी. आणि बारक्या, माझ्या मागोमाग जिन्यावर पावलं वाजली, वळून बघते तर अण्णा. चपला न घालता. मला म्हणाले, "मास्तरांच्या दाराचं कुलूप बघायचंय." कुलूप! मास्तरांच्या दाराला कडी आहे नुसती.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "कपल म्हणजे दोन. फ्यू म्हणजे थोडे, आणि तो शब्द उच्चारताना माणसाचा चेहरा पडतो. सेव्हरल म्हणताना चेहरा पडत नाही. सेव्हरल हे थोड्यांपेक्षा बरे, पुष्कळांपेक्षा कमी."

अण्णा म्हणाले, "आकडा सांगा."

"त्याला आकडा नसतो हो."

"असं कसं? दाते किती ते नको? 'बरेच दाते पाड' म्हणून किल्ली होते का?"

मास्तर बराच वेळ टोपी फिरवत बसले. त्यांचीही पंचाईत झाली असणार, समोर बाप बसलाय. शेवटी म्हणाले, "तीन असते तर थ्री लिहिलं असतं, तीन मोजायला काय लागतं? म्हणजे चारच्या खाली नाही. आणि आठ असते तर अकरातले बहुतेक झाले, मग कंपनीने मोठ्या तोऱ्यात बहुतेक वाचले असं छापलं असतं. तेव्हा सातच्या वर नाही. चार ते सात."

अण्णा उठले. जिना उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला नाही, एरवी धरून उतरतात. खाली आल्यावर मला म्हणाले, "सात धर." चार ते सात म्हटल्यावर सात कसे धरायचे? पण मीही सातच धरले. तूही सात धर.

ताई

२१ फेब्रुवारी

बारक्या,

दोघं आले. बोटीवरचा सुतार आणि इंजिनात कोळसा ओढणारा तो दांडगा. एकाच जहाजाने उचलले होते दोघांना. कंपनीच्या गाडीतून उतरले तेव्हा फाटकावर सगळे धावले आणि प्रत्येकाने आधी चेहरे बघितले, मग आपला नाही म्हणून मागे सरले. सुताराची बायको तेवढी पुढे राहिली.

सुताराला मी विचारलं. त्याला काही सांगता येईना. बोट पहाटे आडवी झाली, जो तो पाण्यात पडला, ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने धरलं. त्याला दार लागलं. इतकंच त्याला ठाऊक.

अण्णा आता रोज फाटकावर जातात. दुकान बंद. किल्ल्या हरवलेली माणसं आपल्या बंद दारासमोर उभी राहून शिव्या देतात. तिथे एक मावशी भेटल्यात, तुझ्या बोटीवरच्या त्या कुरळ्याची आई. तू आणि कुरळ्या एकदमच भरती झालात म्हणे. मला तू कधी लिहिलंस कुरळ्याबद्दल? मावशी गोणपाटं शिवतात, दाभण घेऊनच येतात आणि उलट्या खोक्यावर बसून शिवत राहतात. बाकीच्यांची घरं लांबच्या गावांत, त्यामुळे फाटकावर कायमचे हे दोघंच. अण्णांनी त्यांना मास्तरांचं सगळं गणित समजावलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, अजून निदान दोन तर नक्कीच." अण्णा म्हणाले, "दोन कसले? पाच." आणि दोघंही असे खूश झाले की जणू तुझा आणि कुरळ्याचा निरोपच आलाय.

मावशी घरून चहा आणतात तो अर्धा अण्णांना देतात. अण्णा घेतात! आपल्या घरात कपाची कड अर्ध्या बोटाने फुटली तरी चहा ओतून देणारे अण्णा मावशींच्या बिनकानाच्या कपातून पितात.

ताई

३ मार्च

बारक्या,

तिसरा आला, आणि त्यापाठोपाठ चौथा. चौथा आला तेव्हा मी मुद्दाम औषधवाल्याच्या दुकानावरून गेले आणि ओरडून सांगितलं, "चार झाले! तुमचं तीनचं औषध फेकून द्या!" त्याने हात जोडले. खरंच खूश झाला तो. बिचाऱ्यावर मी उगीच दात धरला होता.

आता मास्तरांचा खालचा आकडा भरला. इथून पुढे काय? अण्णांचं म्हणणं, मास्तरांचा खालचा खरा ठरला म्हणजे वरचाही खरा ठरणार. मला हे पटलं नव्हतं, पण रात्रीच्या जेवणाला बसल्यावर पटलं. भूक लागली की माणसाला काहीही पटतं.

तुझ्या लक्षात आलं असेल, पत्राच्या वर मी हल्ली नुसतं बारक्या लिहितेय. परवा "मेल्या" लिहायला घेतलं आणि हातच चालेना. लहानपणापासून दिवसातून पन्नासदा म्हणायचे तुला. मेल्या ऊठ, मेल्या जेव, मेल्या माझी फणी कुठे टाकलीस. कधी त्या शब्दाला अर्थ असतो असं वाटलंच नाही. आता तोंडाशी येतो आणि मी ओठ मिटून घेते. लाँड्रीत एकीने दुसरीला सहज "मेले, सरक ना" म्हटलं तर मी तिच्यावर खेकसले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

परत ये, मग दिवसभर म्हणेन.

ताई

१२ मार्च

बारक्या,

पाचवा आला. बोटीवरचा स्वयंपाकी.

आता जे लिहितेय ते वाचून तू मला काय म्हणशील कोण जाणे. तो गाडीतून उतरला, पायाला बँडेज, लंगडत होता, त्याची पोरगी त्याच्या कमरेला मिठी मारून रडत होती, आणि मला त्याचा राग आला. का आला हा? सातांतली एक जागा खाल्ली याने. म्हातारा झालेला, खाऊन पिऊन सुखी, चार पोरं, याला काय करायची होती? असा मी विचार करत होते, तुझी बहीण. मावशींकडे पाहिलं तर त्यांनी दाभण असं घट्ट धरलं होतं की मला कळलं, त्यांच्याही मनात तेच आहे. अण्णा तर उठून पाठ करून उभे राहिले.

संध्याकाळी लाज वाटली म्हणून त्याच्या घरी गेले. त्याने मला बघताक्षणी ओळखलं, तोंडावळा एकच ना आपला. म्हणाला, "तुम्ही मेल्याच्या ताई!" मी हादरलेच. तर म्हणाला, "बोटीवर आम्ही सगळे त्याला मेल्याच म्हणायचो. तुमची पत्रं तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा, सगळी तशीच सुरू व्हायची. माणसं हसून लोळायची. एखाद्या बंदराला टपाल चुकलं की तोंड पाडून बसायचा."

म्हणजे तू वाचत होतास. दोन वर्षं. मी विचारलं, मग उत्तर का नाही लिहिलं? तो म्हणाला, "लिहायला बसायचा. 'ताई, अण्णा कसे आहेत' इथपर्यंत आला की कागद फाडायचा. म्हणायचा, आधी विचारायचं का म्हणून मी? त्यांनी विचारू दे."

गाढवा! विचारायला काय जातं? ते इथे विचारत नव्हते, तू तिथे विचारत नव्हतास, आणि मी मध्ये येड्यासारखी तिकिटं चिकटवत होते.

मी शेवटी त्याला विचारलं, पाण्यात पाहिलंत का त्याला? पायाचं बँडेज चाचपत म्हणाला, "माझ्या मागेच होता, ताई. मी हाक मारली तेव्हा ओ दिली त्याने. मग लाट आली. नंतर मारलेल्या हाकेला ओ आली नाही. पण अंधार होता, वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं."

तू ओ दिल्याचं मी अण्णांना सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

ताई

२० मार्च

बारक्या,

सहावा आला आणि आपल्या फाटकावर भांडण झालं.

सहावा म्हणजे इंजिनाचा दुसरा मिस्त्री. त्याला न्यायला त्याचे दोघं भाऊ आले होते, खांद्यावर हात टाकून घेऊन गेले. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि मावशी सहज म्हणाल्या, "आता एकच." झालं. त्या एका शब्दाने दोघांच्याही लक्षात आलं, की जागा एक आणि माणसं दोन. म्हणजे तसे अजून पाच जण यायचे आहेत, पण बाकीच्या तिघांचा विचार त्या दोघांनी कधी केलाच नव्हता. फाटकावर नाहीत ते नाहीतच.

अण्णा म्हणाले, "माझा पोहायला तरबेज आहे." मावशी म्हणाल्या, "माझा काय दगड आहे का?" अण्णा म्हणाले, "स्वयंपाक्याने माझ्याची ओ ऐकलीय." मावशी म्हणाल्या, "ओ देणं म्हणजे घरी येणं नव्हे, भाऊ." मग अण्णा असं काही बोलले की मी ते इथे लिहीत नाही. मावशींनी खोकं उचललं आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवलं. चहाचा कप स्वतःच पूर्ण प्यायल्या. अण्णा दिवसभर बिनचहाचे बसले.

मी दोघांच्या मध्ये उभी राहून म्हटलं, अहो, मास्तरांनी अंदाज सांगितलाय, ती काय वेदवाणी आहे? आठ का येऊ नयेत? अण्णा माझ्यावर ओरडले, "आठ असते तर बहुतेक लिहिलं असतं!" आणि फाटकाच्या पलीकडून मावशींनीही मान हलवली. त्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत.

घरी आल्यावर अण्णा जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं तसं सकाळी उघडलं. त्या म्हातारीशी भांडल्याचं त्यांना वाईट वाटत होतं का जागा एकच उरल्याचं, मला काही उमगलं नाही. मी विचारलंही नाही. आपल्या घरात विचारायची पद्धतच नाही.

ताई

२७ मार्च

बारक्या,

आज मला जे कळलं ते मी कुणालाच सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगतेय. तुला सांगून उपयोग नाही हेही आजच कळलं.

मी लाँड्रीतून दुपारची सुट्टी घेतली आणि कंपनीच्या हापिसात गेले. कारकून माझं पत्र घ्यायला हात पुढे करतो तसा आज केला नाही. मी म्हटलं, सातवा कधी? तो म्हणाला, "कोण सातवा?"

मी त्याला सगळं सांगितलं. मास्तरांचं गणित, चार ते सात, बहुतेक का लिहिलं नाही, सगळं. तो माझ्याकडे बघतच राहिला. पन्नाशीचा माणूस, अंगात मळका कोट. हळूच म्हणाला, "ताई, बसा."

मग त्याने सांगितलं, की असा कागद त्यांच्याकडे आधीच छापून ठेवलेला असतो. बोटींचा धंदा आहे, कधी ना कधी लागतोच. बोटीचं नाव आणि खलाशांचा आकडा यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या असतात. बाकी सगळं वर्षानुवर्षं तेच, सेव्हरल वाचले, नावं यथावकाश कळवू. "तो शब्द आम्ही कुणी मोजून लिहिलेला नाही," तो म्हणाला. "तुमच्या भावाची बोट बुडाली त्या सकाळी इथे कुणाला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. लोक दगड मारायला लागतात म्हणून कागद ताबडतोब लावायचा असा हुकूम आहे. एक वाचला असता तरी तोच कागद होता. सगळे गेले असते तरी तोच होता."

मी म्हटलं, "मग सेव्हरलच का? तीन का नाही, शंभर का नाही?"

तो म्हणाला, "त्यात कुणी खोटं ठरत नाही ना, ताई."

बघ. मास्तरांनी टोपी काढून विचार केला, अण्णांनी चार ते सातचे सात केले, मी त्या लंगड्या स्वयंपाक्याच्या मरणावर टपले, दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. आणि तो शब्द आम्ही ऐकायच्या कितीतरी आधी, तू बोटीवर पाऊल ठेवायच्याही आधी, कुठल्याशा कपाटात गठ्ठ्याने पडून होता.

मी उठले तर त्याने मला थांबवलं. म्हणाला, "आता विचारलंतच म्हणून सांगतो, माझं नाव घेऊ नका. त्या भागातल्या सगळ्या जहाजांचं कळवून झालंय. सहाच उचलले. शोध थांबवलाय. वरून लेखी आलं की मग लावू." मी म्हटलं, लेखी कधी येणार? "यथावकाश," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. म्हणाला, "सवय हो, तोंडाला बसलीय."

हे पत्र त्याने घेतलं नाही. म्हणाला, नका लिहू आता. आधीची त्याने कुठे पाठवली ते मी विचारलं नाही.

बारक्या रे. ओ दिली होतीस ना? दिली होतीस तर मग पुढच्या हाकेला काय झालं तुला?

ताई

५ एप्रिल

बारक्या,

हे पत्र कुठेच द्यायचं नाही, तरी लिहितेय. सांगायला दुसरं माणूस नाही.

आठ दिवस मी अण्णांना सांगू शकले नाही. सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघतात. इस्त्री मीच करते. सदऱ्यावरून इस्त्री फिरवताना रोज ठरवते की आज सांगायचं, आणि सदरा अंगात घालून ते निघतात. लेखी काही लागलेलं नाही. फाटकावर तो जुनाच कागद आहे, उन्हाने पिवळा पडलाय.

आज मी त्यांच्याबरोबर गेले. मनाशी पक्कं केलं होतं की तिथेच, दोघांनाही एकदमच सांगून टाकायचं. मावशी पलीकडच्या बाजूला खोक्यावर बसल्या होत्या. शिवत नव्हत्या. त्यांची तब्येत बरी दिसली नाही, पदर डोक्यावरून घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. गोणपाट मांडीवर नुसतंच.

अण्णा त्यांच्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग फाटक ओलांडून त्यांच्याकडे गेले. मीही मागोमाग. मला वाटलं पुन्हा भांडतात की काय. तर ते जमिनीवर त्यांच्यासमोर बसले, इस्त्रीच्या सदऱ्यानिशी, त्या धुळीत.

म्हणाले, "बाई, एकच जागा उरलीय."

मावशी म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. नका आता पुन्हा सुरू करू, भाऊ. माझ्यात भांडायचं बळ नाही."

"भांडायला नाही आलो. ती तुमच्या पोराची. सातवा तुमचा."

मावशींना आधी समजलंच नाही. मग म्हणाल्या, "आणि तुमचा?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "माझ्याला मीच घराबाहेर काढला, बाई. भर दुकानात हात उचलला त्याच्यावर. तुम्ही तुमच्याला घट्ट धरून ठेवलं होतं, तो पोटासाठी गेला. आता त्याची जागा अडवून बसायला मला तोंड कुठे आहे? तुमच्या पोराला येऊ द्या."

मावशींनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडायला लागल्या. म्हणत होत्या, "भाऊ, देव तुमचं भलं करो, तुम्ही माझं पोर दिलंत मला, तुम्ही माझं पोर दिलंत." अण्णा नुसते हं हं करत होते.

मी तिथे दोन पावलांवर उभी होते, बारक्या. मला ठाऊक होतं की द्यायला काही नाही. सातवं कुणी नाही, कधी नव्हतंच. कुरळ्या नाही आणि तू नाहीस. तरीसुद्धा मला संताप आला. मला अण्णांना गदागदा हलवून ओरडायचं होतं की ती जागा तुमची नव्हती, माझ्या भावाची होती, कुणाला विचारून दिलीत? घ्या परत. आत्ताच्या आत्ता परत घ्या.

मी जाऊन मावशींना पाणी आणून दिलं. आणि मी सांगायला आले होते ते तसंच राहिलं. ज्या बाईला आत्ता तिचं पोर मिळालं तिला मी काय सांगणार होते?

परतताना अण्णा माझ्या पुढे चालत होते. गल्लीच्या तोंडाशी थांबले, खिशातून दुकानाची किल्ली काढली, हातात घेऊन बघत उभे राहिले. म्हणाले, "उद्यापासून फाटकावर तू जात जा. बाई एकट्या असतात. मी दुकान उघडतो."

मी म्हटलं, "बरं."